द्राक्षबागेतला डाऊनी: पहिली फळछाटणी स्वतःच्या जबाबदारीवर घेणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर छाटणी, म्हणजे फळछाटणी, उरकते, डोळे फुटतात, काडीवर घड मोजता यायला लागतात. नेमकं त्याच सुमारास बंगालच्या उपसागरात नाहीतर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि निफाड-दिंडोरीपासून तासगाव-मिरजेपर्यंत सगळे मोबाईलवर पावसाचा अंदाज बघत बसतात. कारण डाऊनी, पावसाच्या ओलीवर पानं आणि घड घेऊन जाणारा रोग. काही जण त्याला केवडा म्हणतात, पुस्तकात डाऊनी मिल्ड्यू लिहितात, बागेत मात्र "डाऊनी आला" एवढंच ऐकू येतं. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाबरोबर आलेला पाऊस ज्यांनी बागेत उभं राहून पाहिला, ते अजूनही त्या हंगामाचं नाव काढलं की गप्प होतात.

ज्यांनी नुकतीच बाग धरली आहे किंवा वडिलांकडून हातात घेतली आहे, आणि यंदा फवारणीचे निर्णय स्वतः घ्यायचे आहेत, त्यांच्यासाठी हा लेख. औषधांची यादी कुठल्याही कृषी सेवा केंद्रात फुकट मिळते. ती औषधं कधी मारायची, आणि कधी मारूनही उपयोग नसतो, हे तिथं सहसा कुणी सांगत नाही. डाग दिसल्यावर औषध शोधायला निघालेला माणूस या रोगाच्या आठवडाभर मागे असतो. पुढे जे काही लिहिलं आहे ते हा आठवडा भरून काढण्याबद्दल आहे.

रोग चालतो कसा

प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हे याचं शास्त्रीय नाव. आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. तो पाण्यातल्या शेवाळांच्या जवळच्या कुळातला जीव आहे. ही माहिती परीक्षेपुरती नाही. भुरीवर चालणारं गंधक किंवा हेक्साकोनॅझोल, आणि करप्यावर मारलं जाणारं कार्बेन्डॅझिम, डाऊनीवर काहीही करत नाही. "बुरशीनाशक तर मारलं होतं" असं सांगणाऱ्याने नेमकं कोणतं मारलं होतं, हे आधी विचारावं.

रोगाची सगळी महत्त्वाची कामं रात्री आणि पहाटे होतात. अंधार, हवेतली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या पुढे आणि तापमान साधारण १३ अंशांच्या वर, असे चार तास सलग मिळाले की जुन्या डागाच्या मागच्या बाजूला पांढरी लव उगवते. ती लव म्हणजे बीजाणूंचं पीक. वाऱ्याने, पावसाच्या थेंबाने ते शेजारच्या पानावर जातात. तिथं पाणी असेल तर एकेका बीजाणूतून पोहणारे चलबीजाणू बाहेर पडतात, पोहत पोहत पर्णरंध्र गाठतात आणि आत शिरतात. २० ते २५ अंश तापमानात याला दोन-तीन तासांची ओल पुरते. पान कोरडं असेल तर ते शिरू शकत नाहीत. आणि द्राक्षाच्या पानाची पर्णरंध्रं असतात खालच्या बाजूला, म्हणून औषधही खालच्या बाजूला बसायला हवं.

हिशोब असा मांडा. सोमवारी रात्री पाऊस झाला, मंगळवारी सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत पानं ओली राहिली. लागण झाली मंगळवारी. बुधवार, गुरुवार, शुक्रवार बाग हिरवीगार दिसते आणि तुम्ही निश्चिंत असता. रविवार-सोमवारकडे पानावर तेलकट पिवळे डाग दिसू लागतात. गारठा असेल तर आणखी दोन-चार दिवस. त्यानंतर येणाऱ्या पहिल्या दमट रात्री त्या प्रत्येक डागामागे लव उगवते आणि दुसरी फेरी सुरू होते. पहिल्या फेरीत हजार पानांमागे दोन-चार डाग असतात, म्हणून दुर्लक्ष होतं. बाग जाते ती दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत.

ओळखायचं कसं

कोवळ्या पानावर वरच्या बाजूला तेलाचा थेंब सांडावा तसा पारदर्शक, गोलसर पिवळा डाग. पान सूर्याकडे धरलं की तो चटकन उठून दिसतो. उलटं केलं की त्याच जागी मागे पांढरी, कापसासारखी लव, पण फक्त दमट सकाळी. दुपारी ती वाळून गेलेली असते आणि नवखा माणूस फसतो. जुन्या, जून पानांवर डाग गोल न राहता शिरांच्या मध्ये अडकतात, चौकोनी तुकड्या-तुकड्यांचे दिसतात. शेंडा, बाळी आणि कोवळा घड सापडला तर ते वाकडे होतात, आधी पांढरे मग तपकिरी पडतात आणि वाळतात.

शंका आली तर एक साधी चाचणी घरी करता येते. संशयित डाग असलेली चार-सहा पानं तोडा, किंचित पाणी शिंपडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत पालथी ठेवा, तोंड बांधा आणि रात्रभर अंधाऱ्या जागी ठेवा. फ्रीजमध्ये नको, गारठ्याने सगळंच थांबतं. सकाळी पिशवी उघडून पाठीमागे बघा. डाऊनी असेल आणि जिवंत असेल तर पांढरी लव आलेली दिसेल. फवारणीनंतर दोन-तीन दिवसांनी हीच चाचणी पुन्हा केली की औषधाने काम केलं की नाही हेही कळतं. दुकानदाराला विचारण्यापेक्षा ही पिशवी जास्त खरं बोलते.

भुरीशी गल्लत करू नका. भुरी बहुतेक वेळा पानाच्या वर दिसते, राखेसारखी, बोटाने पुसली जाते, आणि ती कोरड्या थंड दिवसांत वाढते. करप्याचे डाग तपकिरी, कडेला गडद, आणि नंतर मधला भाग गळून भोक पडतं. तांबेऱ्याची पूड पानामागे असते, पण ती नारिंगी.

छाटणीच्या आधीच निम्मं काम

पावसाळ्यात बागेवर राहिलेली जुनी, डाग पडलेली पानं हा नव्या फुटीवरच्या रोगाचा सगळ्यात जवळचा साठा. तरीही छाटणीआधीच्या पंधरवड्यात बहुतेकांचं लक्ष खतं आणि मजुरांच्या टोळीकडे असतं.

छाटणीच्या दहा-पंधरा दिवस आधी संपूर्ण बागेवर एक टक्का बोर्डो मिश्रण घ्या, ओलांडे (तारेवर पसरलेल्या जाड फांद्या) आणि खोडासकट. मग पानगळ करून घ्या. छाटणी झाली की काड्या आणि पाला सरीत पडू देऊ नका. बांधावर टाकू नका, बांध बागेतच असतो. बाहेर नेऊन कुजवा किंवा खड्ड्यात पुरा. जमिनीवर पडलेल्या पानांत या रोगाचे जाड कवचाचे बीजाणू टिकून राहतात. छाटणीनंतर लगेच उघड्या ओलांड्यांवर, काड्यांवर आणि बोदावर (वेलींखालच्या मातीच्या उंच वाफ्यावर) पुन्हा एकदा बोर्डो. बोदात ट्रायकोडर्मा सोडला असेल तर मात्र तिथं तांबं मारू नका. ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे, तांबं तिलाही मारतं.

बोर्डो नीट बनवणं हे एक कौशल्य आहे आणि नव्या पिढीला ते येत नाही, कारण तयार पुडी सोपी पडते. शंभर लिटरसाठी एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो चांगला कळीचा चुना लागतो. मोरचूद कापडी पुरचुंडीत बांधून प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाण्याच्या वरच्या थरात लोंबकळत ठेवा, तळाशी टाकलं की विरघळायला वेळ लागतो. लोखंडी भांडं वापरायचं नाही. चुना दुसऱ्या ड्रममध्ये थोड्या पाण्यात विझवा, गार होऊ द्या, पाणी वाढवा, गाळून घ्या. मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओता आणि लाकडी दांड्याने ढवळत राहा. उलट क्रमाने ओतलं की द्रावण फाटतं आणि कण जाड होतात. छान आकाशी रंग आला की घासून स्वच्छ केलेला विळा त्यात मिनिटभर बुडवून धरा. विळ्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुन्याचं पाणी आणखी घाला. विळा जसाच्या तसा निघाला की फवारायला हरकत नाही. त्याच दिवशी संपवा, त्यात दुसरं काहीही मिसळू नका.

जाता जाता: या मिश्रणाचा शोधही डाऊनीमुळेच लागला. अमेरिकेतून आलेला हा रोग १८७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पोचला. बोर्दोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून, मोरचूद-चुना फासायची पद्धत होती. त्याच वेली हिरव्या राहिल्या हे प्राध्यापक मिलार्दे यांच्या नजरेत भरलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. चोरांसाठी केलेला बंदोबस्त रोगाला लागू पडला.

पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंत

छाटणीनंतर आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात, पोंगा (नुकता उघडू लागलेला कोंब) दिसतो. तिथून सेटिंग, म्हणजे मणी धरणं, होईपर्यंतचा महिना-सव्वा महिना डाऊनीच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक. या काळात लागण झाली तर पान नव्हे, घड जातो, आणि गेलेला घड परत येत नाही.

या महिन्यात एक गोष्ट सतत डोक्यात ठेवा: वेल वाढतो आहे. दर तीन-चार दिवसांनी प्रत्येक फुटीवर एक नवं पान उघडतं. सोमवारी मारलेलं स्पर्शजन्य, म्हणजे पानावर नुसता थर बसवणारं, औषध सोमवारी असलेल्या पानांवर आहे, गुरुवारी उघडलेल्या पानावर त्याचा कणही नाही. म्हणून "आठ दिवसांनी एक" अशा वेळापत्रकाला या काळात अर्थ नाही. आकाश निरभ्र, हवा कोरडी, सकाळी पानावर दव नाही, असे आठ दिवस गेले तर फवारणी लांबवता येते. ढगाळ हवा आली तर तीन दिवसांत दुसरी घ्यावी लागते. शेजाऱ्याचं शेड्यूल उतरवून घेण्यात हाच धोका आहे. त्याची छाटणी तुमच्या आधी सहा दिवस झालेली असते, आणि त्याची बाग माळावर, तुमची ओढ्याकाठी.

पोंगा ते तीन-चार पानं या टप्प्यात मँकोझेब, प्रोपिनेब यांसारखी स्पर्शजन्य औषधं पुरेशी होतात. तांब्याची औषधं आता टाळा, गार आणि ओल्या हवेत कोवळ्या फुटीवर चट्टे पडतात. पाचव्या पानानंतर, घड स्पष्ट दिसायला लागले की, पावसाचा अंदाज असेल तेव्हा आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणाऱ्या, औषधाची जोड द्यायची. दोडा अवस्थेतली, म्हणजे फुलोऱ्याच्या अगदी आधीची फवारणी चुकवू नका. फुलोऱ्यात वेलीला शक्यतो त्रास द्यायचा नसतो, आणि नेमका तेव्हा पाऊस आला तर आधीचं संरक्षणच कामी येतं. त्यातच गळ आणि कुजही त्याच पावसाने येते.

औषधांचे गट, आणि बाटलीवरची बारीक अक्षरं

दुकानात डाऊनीची पंचवीस नावं आहेत. आतले गट मोजके. ब्रँड विसरा, घटक वाचा.

स्पर्शजन्य: मँकोझेब, प्रोपिनेब, मेटिराम, तांबंयुक्त औषधं. पानावर थर बसवतात, आत गेलेल्या रोगाला हात लावत नाहीत. यांना रोग सहसा सरावत नाही, म्हणून हा कणा.

मेटॅलॅक्सिल आणि त्याचंच सुधारित रूप मेटॅलॅक्सिल-एम: आत शिरून काम करतं, लागणीनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतही उपयोगी पडतं. पण रोग याला लवकर सरावतो. हंगामात एकदा, फार तर दोनदा, तेही स्पर्शजन्य औषधाच्या जोडीनेच.

डायमेथोमॉर्फ, मँडिप्रोपामिड, इप्रोव्हॅलिकार्ब: इथं सगळ्यात जास्त फसगत होते. तीन वेगळी नावं, तीन वेगळे रंगीत डबे, पण गट एकच. या आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरं मारलं म्हणजे औषध बदललं असं होत नाही. रोगाच्या दृष्टीने तुम्ही तेच पुन्हा मारलं.

सायमोक्सॅनिल लागणीनंतर दोन-तीन दिवसांपर्यंत मागे जाऊन काम करतं, पण पानात फार दिवस टिकत नाही, म्हणून ते जोडीनेच येतं. सायाझोफामिड, अमेटोक्ट्रॅडिन, फ्लुओपिकोलाइड हे तीन एकमेकांपासून वेगळे गट, अदलाबदलीला उपयोगी. फोसेटिल आणि फॉस्फरस आम्लाचे पोटॅश क्षार वेलीत वर-खाली दोन्हीकडे फिरतात, नव्या फुटीपर्यंत पोचतात. ते तांब्याबरोबर मिसळायचे नाहीत, द्रावण आम्लधर्मी होतं, तांबं मोकळं सुटतं आणि पानं करपतात. अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटाला दाद न देणारा डाऊनी जगभर आणि आपल्याकडेही सापडलेला आहे, त्यामुळे त्यावर एकट्यावर विसंबू नका.

नियम दोनच. लागोपाठ दोन फवारण्यांत एकच आंतरप्रवाही गट नको. आणि आंतरप्रवाही औषध रोग येण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला वापरायचं. सगळी बाग पिवळी पडल्यावर ते मारणं म्हणजे लाखो बीजाणूंमधून औषधाला न जुमानणारे निवडून देणं. त्या वेळी आधी स्पर्शजन्य औषधाने साठा खाली आणा.

मात्रा लेबलवर आहे तीच. ती सहसा हेक्टरी, पूर्ण वाढलेल्या बागेसाठी साधारण हजार लिटर पाणी धरून दिलेली असते. पोंग्यात एवढं पाणी लागत नाही, पण म्हणून टाकीत औषध दुप्पट करू नका.

पाऊस येणार आहे, आला, थांबला

आदल्या दिवशी: हवामान खात्याचा आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा साप्ताहिक सल्ला बघा, दोन्ही मोफत आहेत. उद्या पाऊस असेल तर आज फवारणी. पावसाआधी काही तास पानावर वाळलेला थर पावसानंतरच्या तिप्पट खर्चापेक्षा भारी पडतो. "पाऊस आला तर औषध धुऊन जाईल, मग मारून काय उपयोग" हा विचार बरोबर वाटतो, पण तो उलटा आहे. धुऊन जाईपर्यंत त्याने काम केलेलं असतं. साधारण २५ मिलिमीटर पाऊस झाला की स्पर्शजन्य औषध गेलं असं समजा आणि पुन्हा घ्या.

पाऊस थांबल्यावर: ओल जितकी लवकर जाईल तितकं बरं. मांडवाच्या किंवा वाय पद्धतीच्या तारा हाताने, काठीने हलवून पाणी झाडून टाकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती खरोखर उपयोगाची आहे. ट्रॅक्टर सरीत जात असेल तर ब्लोअरचा नुसता पंखा चालवून, औषध न सोडता, एक फेरा मारा. धुक्याच्या सकाळीही हेच. दोन तासांची ओल एक तासावर आली तर त्या दिवसाची लागण टळू शकते. डिझेल जळतं, पण फवारणीपेक्षा स्वस्त.

ट्रॅक्टर रुतत असेल, पाऊस उघडझाप करत असेल, तर मँकोझेबची धुरळणी हा एकच मार्ग उरतो. ओल्या पानावर पूड चिकटते. पूड नाकातोंडात जाणारच, म्हणून मास्कशिवाय धुरळणी करू देऊ नका, स्वतःलाही आणि मजुरालाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, हे विसरू नये. फवारणीत तंबाखू मळणं, त्याच हाताने डबा उघडणं, भिजलेल्या शर्टावर दिवसभर राहणं, हे सगळं रोज दिसतं.

जमीन वापशावर आली, पानं कोरडी झाली, की लगेच आंतरप्रवाही अधिक स्पर्शजन्य. लागणीपासूनचे तास मोजा: पहिले दोन दिवस तुमच्या हातात आहेत, चौथ्या दिवशी फारसं काही हातात नाही. पाचव्या दिवसापासून सातव्यापर्यंत बाग फिरून डाग शोधा, शेतातल्या सगळ्यात ओलसर जागांपासून सुरू करा: उसाच्या शेजारची ओळ, विहिरीजवळचा कोपरा, जिथं सकाळचं ऊन उशिरा येतं ती बाजू, ड्रिपची नळी गळते तो वेल. पहिले डाग तिथंच सापडतात. सापडलेली पानं दुपारी, कोरडी असताना, पिशवीत तोडून बाहेर न्या.

औषध पानामागे जातंय का

इथं बहुतेकांचा पैसा वाया जातो. महागडं औषध, योग्य दिवस, आणि ते सगळं पानाच्या वरच्या बाजूला. पाणी लागलं की निळा होणारा पिवळा कागद मिळतो, त्याचे तुकडे घडाजवळच्या पानांच्या पाठीमागे स्टेपल करा आणि नुसत्या पाण्याने एक फेरा मारा. कागद पिवळाच राहिला तर ट्रॅक्टरचा वेग कमी करा, नोझलच्या झिजलेल्या चकत्या बदला, वरचे-खालचे नोझल फुटीच्या उंचीप्रमाणे उघडा-बंद करा. पोंग्यात सगळे नोझल आणि पंख्याचा पूर्ण वारा लागत नाही, औषध मांडवावरून निघून जातं.

विहिरी-बोअरचं पाणी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी क्षारयुक्त असतं आणि काही औषधं त्यात तासाभरात कमजोर होतात. सामू (पीएच) तपासा, जास्त असेल तर सायट्रिक आम्लाने साडेसहाच्या आसपास आणा. फक्त तांब्याच्या औषधात हा प्रयोग करू नका. द्रावण बनवलं की ठेवायचं नाही. डिझेल संपलं म्हणून दुपारची टाकी दुसऱ्या दिवशी मारणं चालत नाही.

फूट मोकळी ठेवा

वारा खेळला नाही तर कोणतंही औषध अपुरं. फेलफुटी वेळेवर काढा, वांझ काड्या ठेवू नका, बगलफुटी वाढू देऊ नका, घडाभोवतीची एक-दोन पानं विरळ करा. मजूर मिळत नाहीत हे खरं आहे, पण दहा दिवस उशीर झालेली विरळणी म्हणजे दोन जादा फवारण्या. नत्राचा मारा आणि रोजचं जास्त पाणी यांनी फूट लुसलुशीत होते, आणि लुसलुशीत फूट म्हणजे डाऊनीला आमंत्रण. पाऊस असेल त्या आठवड्यात ड्रिप बंद ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

थॉमसन असो, सोनाका असो, शरद असो, आपल्या नेहमीच्या कोणत्याही जातीला डाऊनीपासून सूट नाही. डॉगरिज खुंटावर कलम केलं म्हणून पान वाचत नाही, खुंट फक्त मुळांचं काम करतो. ज्यांना परवडतं ते प्लास्टिक आच्छादन घालतात. पान कोरडं राहिलं तर डाऊनी जवळजवळ थांबतो, हे आच्छादनाखालच्या बागांत दिसतं. एकरी काही लाखांचा खर्च आहे, त्यामुळे सटाणा-कळवण-देवळ्याकडे पावसाळ्यातच छाटणी घेऊन लवकरचा भाव गाठणाऱ्यांना त्याचं गणित जास्त जुळतं.

मणी धरल्यानंतर

मणी ज्वारी-बाजरीएवढे असेपर्यंत त्यांना थेट लागण होऊ शकते. सेटिंगनंतर तीन-चार आठवड्यांनी मण्याची साल जून होते, रंध्रं बंद होतात आणि मणी बऱ्यापैकी सुरक्षित होतो. देठ आणि पानं मात्र नंतरही बळी पडतात, आणि पानं गेली की साखर भरत नाही. डिसेंबरच्या मध्यावर निफाडचा पारा एक आकडी झाला की रात्रीचा खेळ मंदावतो, तेव्हा लक्ष भुरीकडे वळवा.

आता हिशोब रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचा. प्रत्येक औषधाला काढणीपूर्वी ठरावीक दिवस सोडावे लागतात. निर्यात करायची असेल तर बागेची ग्रेपनेटवर (निर्यातीच्या बागांची ऑनलाइन व्यवस्था) नोंदणी आणि द्राक्ष संशोधन केंद्राचं अनेक्श्चर-५ (औषधांची यादी) हे दोन्ही छाटणीच्या आधीच बघून ठेवा. यादी दर हंगामाला बदलते, गेल्या वर्षीची प्रत चालत नाही. युरोपियन संघाने २०२० च्या अखेरीस मँकोझेबची मान्यता काढून घेतली, म्हणून तिकडे माल जाणार असेल तर ते किती दिवसांपर्यंत वापरायचं हे निर्यातदाराकडून लेखी घ्या. फवारणी डायरीत तारीख, छाटणीनंतरचा दिवस, घटकाचं नाव, मात्रा, पाणी आणि बॅच क्रमांक लिहा. ब्रँड लिहून उपयोग नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हापासून निर्यातदार डायरी बघितल्याशिवाय बोलत नाहीत.

आणि घटक न छापलेली "टॉनिकं", "ऑरगॅनिक डाऊनी स्पेशल" अशा बाटल्या बागेत आणू नका, कितीही ओळखीच्या माणसाने दिल्या तरी. प्रयोगशाळेच्या अहवालात कधीही न मारलेलं औषध निघतं, ते बऱ्याचदा अशाच बाटलीतून आलेलं असतं.

काढणीनंतर, एप्रिल ते सप्टेंबर

एप्रिलची खरड छाटणी (नवी काडी तयार करण्यासाठीची) झाली की बाग नजरेआड जाते. मे कोरडा असतो, त्यामुळे पानं स्वच्छ दिसतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून तीच पानं रोज ओली असतात आणि घड नाहीत म्हणून कुणी फिरकत नाही. ही पानं सप्टेंबरपर्यंत टिकली तर काडी पक्व होते आणि तिच्यात अन्नसाठा भरतो, डाऊनीने ऑगस्टमध्येच गळली तर ऑक्टोबरची फूट अशक्त येते. पावसाळ्यात महागडी आंतरप्रवाही औषधं खर्च करू नका, ती फळछाटणीसाठी राखून ठेवा. फूट जून झालेली असते, त्यामुळे बोर्डो किंवा तांबंयुक्त औषध दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, उघडीप बघून, चालतं. शेंडे मारून ठेवा, बगलफुटी काढत राहा, आणि गणपतीच्या सुमारास एकदा सगळ्या ओळी फिरून कोणत्या कोपऱ्यात जास्त डाग आहेत ते डायरीत टिपून ठेवा. छाटणीनंतर पहिली पाहणी त्याच कोपऱ्यांपासून सुरू करायची.